कोल्हापूरची हवा आणि विधिमंडळाचा अधिकार

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की कोल्हापुरातला जाणता माणूस थोड्याच वेळात एका वाक्यावर येतो: "यात आमदारांना आणू नका." हे वाक्य प्राध्यापकांकडून ऐकायला मिळते, पर्यावरणासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या कार्यकर्त्यांकडून मिळते, आणि कारखानदारही तेच म्हणतात. एरवी ज्यांचे कशावरच जुळत नाही अशा तिघांचे इथे एकमत व्हावे, ही गोष्टच तपासून पाहण्यासारखी आहे. मला ते मत मान्य नाही. कोल्हापूर आणि भोवतालच्या टापूच्या हवेसाठी जे आराखडे होतात ते राज्य विधिमंडळासमोर आलेच पाहिजेत, त्यांवर तिथे प्रश्न विचारले गेले पाहिजेत, असे माझे ठाम म्हणणे आहे. आज ते होत नाही, आणि आराखडे दुबळे राहण्याचे ते एक मोठे कारण आहे.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. हवेतला सूक्ष्म कण कुठून आला हे रसायनशास्त्र सांगते, बहुमत सांगत नाही. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, केंद्रीय मंडळ आहे, राष्ट्रीय हरित लवाद आहे. शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाने विद्यापीठ परिसर, दाभोळकर कॉर्नर आणि महाद्वार रोड इथली हवा वर्षानुवर्षे मोजली आहे. जाणकारांनी मोजावे, जाणकारांनीच ठरवावे. विधिमंडळाची वर्षातून तीन अधिवेशने, त्यातला बराचसा वेळ गदारोळात जाणारा. तिथे आराखडा नेला तर तो लांबणीवर पडेल. आणि सर्वांत जड आक्षेप असा की या जिल्ह्याचे राजकारण साखर कारखान्यांच्या अंगणात वाढले आहे. ज्याच्या बॉयलरची राख गावावर पडते त्याच्याच हाती तपासणी कशी द्यायची?

यातला एकही आक्षेप पोकळ नाही. शेवटच्या आक्षेपापाशी तर मला बराच वेळ थांबावे लागणार आहे. पण त्याआधी सध्याची व्यवस्था नेमकी कशी चालते ते पाहू, कारण विधिमंडळाला बाहेर ठेवल्याने काय साधले याचा पुरावा तिथेच आहे.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेची राष्ट्रीय मानके सलग पाळू न शकलेल्या १०२ शहरांची यादी त्यात होती. महाराष्ट्राची १७ शहरे तिच्यात होती; कोल्हापूर होते, शेजारचे सांगली होते, सोलापूर होते. त्याच्या थोडे आधी, ८ ऑक्टोबर २०१८ रोजी, हरित लवादाने एका बातमीची स्वतःहून दखल घेऊन अशा शहरांसाठी कृती आराखडे करा, असा आदेश राज्यांना दिला होता. आराखडा कोणी करायचा तेही लवादाने सांगितले: पर्यावरण, परिवहन, उद्योग, नगरविकास आणि कृषी या खात्यांचे संचालक आणि राज्य मंडळाचे सदस्य सचिव, अशा सहा जणांची समिती. वर देखरेख सचिवांची आणि मुख्य सचिवांची, छाननी केंद्रीय मंडळाची, अंमलबजावणी महापालिकेची.

ही साखळी वरपासून खालपर्यंत तपासा. तिच्यात लोकांनी निवडून दिलेला माणूस असण्याची एकच जागा होती, ती शेवटची कडी, महापालिकेची. पण कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. म्हणजे ज्या काळात या कार्यक्रमाचा पैसा खर्च व्हायचा होता, नेमक्या त्याच काळात 'हा खर्च इथेच का?' असे सभागृहात उभे राहून विचारणारा नगरसेवक नव्हता, आणि आमदाराला विचारण्याचे निमित्तच ठेवलेले नव्हते. अधिकाऱ्यांच्या सचोटीवर मला शंका घ्यायची नाही. ज्याला कोणी प्रश्न विचारत नाही असा सचोटीचा माणूसही सोप्या कामाकडे वळतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

तो वळला कसा, हे आकडे सांगतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने जुलै २०२४ मध्ये देशभरच्या या कार्यक्रमाच्या खर्चाचा आढावा घेतला. ६४ टक्के निधी रस्त्यांवरची धूळ कमी करण्यावर गेला होता. जैविक कचरा जाळणे थांबवण्यावर १४.५१ टक्के, वाहनांच्या धुरावर १२.६३ टक्के, आणि उद्योगांच्या प्रदूषणावर ०.६१ टक्के. शंभर रुपयांतले एकसष्ट पैसे. शहरांची प्रगती मोजली जाते ती १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांवर, फुप्फुसात सर्वांत खोल जाणाऱ्या २.५ मायक्रॉनच्या कणांवर नाही. त्यामुळे झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे घेतले की कागदावर काम दिसते. हा सगळा जाणकारांच्या हातातला कारभार होता. त्यात एकाही आमदाराने ढवळाढवळ केलेली नव्हती. तरीही जो निर्णय राजकीय म्हणावा असाच तो झाला: धूळ कोणाची नसते, धुरांडे कोणाचे तरी असते, म्हणून धुळीवर खर्च करा.

इथे "तांत्रिक विषय" हा शब्दप्रयोग कितपत खरा आहे ते बघितले पाहिजे. कोल्हापूरच्या जवळचे उदाहरण घेऊ. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत आणि शहरातल्या शिवाजी उद्यमनगरात मिळून सुमारे ३०० फाउंड्र्या आहेत. देशभरच्या मोटारी, पंप आणि शेतीअवजारांना लागणारी ओतकामे इथून जातात. कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीसाठी पर्यावरण संरक्षण नियमांत मर्यादा दिलेली आहे. तासाला ३ टन किंवा त्याहून अधिक धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या धुरांड्यातून दर घनमीटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत कण चालतात. तीन टनांहून लहान भट्टीला ४५० चालतात. लहान भट्टीचा धूर श्वासाला कमी बाधतो असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. ही सवलत लहान उद्योजकाला महागडी यंत्रणा परवडत नाही म्हणून आहे, आणि कदाचित ती योग्यही असेल. पण कोणाच्या परवडण्यासाठी कोणी किती धूर सोसायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. तो लोकांच्या प्रतिनिधींनी उघडपणे वाटाघाटी करून सोडवण्याचा आहे.

हवेच्या मुख्य मानकाचेही तेच. भारताचे २००९ सालचे मानक १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना वार्षिक सरासरी ६० मायक्रोग्रॅम चालवून घेते; जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची आहे. माणसाचे फुप्फुस जिनिव्हात आणि मंगळवार पेठेत सारखेच असते. मधले ४५ मायक्रोग्रॅम म्हणजे आपल्या परिस्थितीचा, आपल्या पैशाचा आणि आपल्या अग्रक्रमाचा हिशेब आहे. मोजणे हे शास्त्रज्ञांचे काम, आणि त्यात आमदाराने बोट घालू नये हे शंभर टक्के मान्य. मोजून आलेल्या आकड्यांचे काय करायचे, आधी कोणाला आवरायचे, खर्च कोणावर टाकायचा, हे काम शास्त्रज्ञांवर ढकलणे म्हणजे त्यांच्यावरही अन्याय आहे.

आता कोल्हापूरच्या हद्दीचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथेच आहे.

कोल्हापूर महापालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी स्थापन झाली. तिचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे, आणि इतक्या वर्षांत त्यात वाढ झालेली नाही. हद्दवाढीचे आंदोलन आणि हद्दवाढविरोधी आंदोलन दोन्ही या मातीत अनेकदा झाले आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही. हवेच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की शहराच्या हवेत जे मिसळते त्यातले बरेचसे शहराच्या हद्दीबाहेरून येते. शिरोली हातकणंगले तालुक्यात, गोकुळ शिरगाव करवीर तालुक्यात, पंचतारांकित वसाहत कागलकडे. ऊसतोड सुरू झाली की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत साखर कारखान्यांचे बॉयलर बगॅसवर पेटतात. गुऱ्हाळांवर चुलवाणात चिपाड जळते. तोड झालेल्या फडात पाचट पेटवले जाते आणि संध्याकाळी त्याचा धूर नदीकाठच्या थंड हवेत खालीच बसून राहतो. वीटभट्ट्या आहेत, पुणे-बंगळूर महामार्गावरची अवजड वाहतूक आहे. शहराच्या पोटात कसबा बावड्याकडचा कचऱ्याचा डोंगर आहे, दुचाक्यांची गर्दी आहे, खोदलेले रस्ते आहेत. या सगळ्यांतून जी हवा बनते तिच्यासाठी आराखडा केला आहे तो 'शहराचा', आणि जबाबदारी टाकली आहे त्या महापालिकेवर जिला शिरोलीच्या एका धुरांड्यालाही नोटीस देता येत नाही.

हद्दीबाहेर जिल्हा परिषद आहे, पण तिच्यात शहर येत नाही. २०१७ साली ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झाले. बांधकामासाठी शहराभोवतालचा टापू एक मानावा लागतो हे सरकारने त्यातून कबूल केले, हवेसाठी मात्र तसे काही नाही. यादीचा प्रकारही तसाच. कोल्हापूर यादीत आहे, पन्नासेक किलोमीटरवरचे सांगली यादीत आहे, आणि दोघांच्या मधले इचलकरंजी, जिथे सायझिंगचे आणि प्रोसेसचे बॉयलर दिवसरात्र चालतात आणि जिथे २०२२ साली महापालिकाही झाली, ते त्या यादीत नव्हते. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या खोऱ्यातली हवा ही एकच. तिचे दोन आराखडे झाले आणि मधला तुकडा मोकळा राहिला.

मग या सगळ्या टापूला एकत्र पाहणारी, लोकांनी निवडलेली जागा राज्यात कोणती? महाद्वार रोडवर राहणारा नागरिक, शिरोलीतल्या भट्टीवर काम करणारा कामगार, शिरोळचा ऊसउत्पादक आणि इचलकरंजीचा यंत्रमागधारक, या चौघांचे प्रतिनिधी ज्या एका सभागृहात बसतात ते विधानसभा आहे. जिल्ह्याचे दहा आमदार आहेत, आणि त्यांच्या दहा मतदारसंघांत धुराचे जवळजवळ सगळे उगम आणि धूर घेणारी जवळजवळ सगळी माणसे येतात. शिवाय हवा सुधारायची तर ज्या कळा फिरवाव्या लागतात त्या बहुतेक राज्यसूचीतल्या आहेत: सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था, शेती, रस्ते, सहकारी संस्था, उद्योग. औद्योगिक वसाहती उद्योग खात्याकडे, साखर कारखाने सहकार खात्याकडे, कचरा नगरविकासाकडे, पाचट कृषी खात्याकडे, गावचे रस्ते ग्रामविकासाकडे. या सगळ्या मंत्र्यांना एका प्रश्नावर एकाच ठिकाणी उत्तर द्यायला लावण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाला नाही. मंडळाचे अधिकारी परिवहन आयुक्तांना पत्र पाठवू शकतात. मंत्र्याला उभे करून विचारू शकत नाहीत. लक्षवेधी सूचना देणारा आमदार ते करू शकतो.

कोणी म्हणेल, यासाठी जिल्हा नियोजन समिती आहे. राज्यघटनेच्या २४३ झेडडी कलमाने तिच्यावर पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक प्रश्नांचा, त्यात पर्यावरण संवर्धनाचाही, विचार करण्याची जबाबदारी टाकली आहे. खरे आहे, आणि आराखड्याचे पहिले वाचन तिथे व्हावे असे मलाही वाटते. पण ती समिती नियम बदलू शकत नाही, राज्याच्या खात्यांना जाब विचारू शकत नाही, आणि तिच्या बैठकांचा सगळा वेळ निधीच्या वाटपात जातो, हे जिल्ह्यातला कोणताही सदस्य सांगेल.

आता तो जड आक्षेप. साखर आणि सत्ता यांचे नाते कोल्हापुरात लपून राहिलेले नाही. सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळातून विधानसभेत जाण्याची वाट इथे मळलेली आहे. ज्याचा कारखाना आहे तो आपल्या धुरांड्याविरुद्ध बोलेल का? कदाचित नाही बोलणार. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट गृहीत धरतात: विधिमंडळाला बाहेर ठेवले की हे हितसंबंधही बाहेर राहतात. तसे होते का? आमदाराचा फोन मंडळाच्या कार्यालयात जायला विधिमंडळाची परवानगी लागत नाही. बदल्यांची भीती, नोटिशीची तारीख पुढे ढकलणे, संमतिपत्राची फाइल पुढेमागे करणे, हे सगळे बंद दाराआड चालू शकते आणि त्याची कुठे नोंद राहत नाही. सभागृहात बोललेला शब्द मात्र कार्यवृत्तात छापला जातो. ज्याला कारखान्याची बाजू घ्यायची आहे त्याला ती नाव लावून, मतदारांसमोर, विरोधकाच्या उत्तराची तयारी ठेवून घ्यावी लागते. हितसंबंध आहेत म्हणून चर्चा नको, हा तर्क उलटा आहे. ते आहेत, म्हणूनच ती उघड झाली पाहिजे.

आणखी एक विसरले जाते. दहाही आमदार एकाच कारखान्याचे नसतात. त्यांच्यात स्पर्धा आहे, पक्ष वेगळे आहेत, आणि शहरी आमदाराचा मतदार ऊस पिकवत नाही. या भांडणाचा लोकांना जो काही फायदा होऊ शकतो तो सभागृहातच होतो. बंद खोलीत सगळ्यांचे जमते. हितसंबंधी सदस्याला समितीतून दूर ठेवण्याचे मार्गही संसदीय पद्धतीत आहेत. एखाद्या सदस्याचा व्यक्तिगत, आर्थिक किंवा थेट संबंध असेल तर त्याच्या समितीवरील नेमणुकीला हरकत घेण्याची तरतूद लोकसभेच्या नियमांत आहे. कारखान्याच्या अध्यक्षाने किंवा संचालकाने हवेच्या आराखड्याची छाननी करणाऱ्या समितीत बसू नये, असा दंडक घालणे अवघड नाही. तो दंडक मागणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. "आमदार नकोच" असे म्हटले की ते कामही सुटते.

न्यायालये पुरेशी आहेत, असे मानणाऱ्यांना अलीकडे नवे बळ मिळाले आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले. कित्येक दशकांच्या लढ्याचे ते फळ आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण न्यायालय समोर आलेल्या पक्षकाराचा निवाडा करते. ते अर्थसंकल्प मांडत नाही. पाचट न जाळता कुजवायचे तर शेतकऱ्याला कुट्टी यंत्र कोण देणार, लहान फाउंड्रीला क्युपोला सोडून विजेच्या भट्टीकडे जाताना वीजदरात सवलत मिळणार का, हे न्यायमूर्ती ठरवू शकत नाहीत, आणि त्यांनी ठरवूही नये. हरित लवादाच्या आदेशातून जो आराखडा जन्मला त्याची कहाणी वर आलीच आहे. आदेशाने कागद तयार होतो, त्यावर पैसा आणि माणसे लावायला सभागृह लागते.

आमदारांना हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी इतिहासही पाहावा. मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाने धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला तो १९१२ साली. संयुक्त महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला १९६९ साली. केंद्राचा जलप्रदूषण कायदा आला १९७४ मध्ये, पाच वर्षांनी. आज ज्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आपण "जाणकारांची संस्था" म्हणून पाहतो ते ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले, ते याच आमदारांनी केलेल्या कायद्यामुळे. मंडळ ही विधिमंडळाचीच निर्मिती आहे. जन्म देणाऱ्याने विचारपूस करू नये, हा दंडक कुठून आला?

तो आला असावा हवेच्या कायद्याच्या घडणीतून. पाण्याचा केंद्रीय कायदा राज्यघटनेच्या कलम २५२ खाली झाला, म्हणजे राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला अधिकार दिला. हवेचा १९८१ चा कायदा कलम २५३ खाली झाला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतल्या निर्णयांची अंमलबजावणी म्हणून. तिथे राज्यांच्या ठरावाची गरज राहिली नाही. हा फरक आजही जाणवतो. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवेच्या कायद्यातल्या बहुतेक तुरुंगवासाच्या शिक्षा काढून त्यांच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला, आणि तो थेट सगळ्या राज्यांना लागू झाला. २०२४ मध्ये पाण्याच्या कायद्यात तसाच बदल झाला तेव्हा मात्र तो आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरता होता. इतर राज्यांना तो हवा तर त्यांच्या विधिमंडळाने ठराव करायचा. एकाच मंडळाच्या हाती असलेल्या दोन कायद्यांपैकी पाण्याच्या बाबतीत आमदारांना विचारावे लागते आणि हवेच्या बाबतीत लागत नाही. शिक्षा सौम्य करणे बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण कोल्हापूरच्या हवेबाबतचा इतका मोठा बदल महाराष्ट्राच्या सभागृहाला न विचारता झाला, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात आली?

अडाणी आमदार काय करणार, या प्रश्नाला लंडनने उत्तर दिलेले आहे. डिसेंबर १९५२ च्या पाच दिवसांच्या धुक्यात तिथे त्या वेळच्या अंदाजानेच सुमारे ४,००० माणसे दगावली. सरकारने सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, समितीने उत्तम अहवाल दिला, आणि सरकार चालढकल करत राहिले. तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच खासदार जेराल्ड नबारो यांनी अशासकीय विधेयक आणले. नबारो वायुशास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्या विधेयकामुळे सरकारला कायद्याचे वचन द्यावे लागले, आणि १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. शास्त्रज्ञांचे ज्ञान आणि प्रतिनिधीचा हट्ट दोन्ही लागले. आपल्या नियमांत अशासकीय विधेयक आणि अशासकीय ठराव दोन्हींची सोय आहे.

मात्र माझ्या बाजूविरुद्ध जाणारे उदाहरणही लपवणे बरे नाही. अमेरिकेत ईशान्येकडच्या राज्यांनी वीज प्रकल्पांच्या कार्बनवर किंमत लावणारी एक सामाईक योजना २००९ पासून चालवली आहे. पेनसिल्व्हेनियाच्या राज्यपालांनी विधिमंडळाला बाजूला ठेवून, नियमाद्वारे, २०२२ मध्ये राज्याला त्या योजनेत आणले. विधिमंडळातल्या विरोधकांनी तो निर्णय न्यायालयात नेला. २०२३ मध्ये न्यायालयाने म्हटले की हा कर आहे आणि कर विधिमंडळच लावू शकते. २०२५ अखेर अर्थसंकल्पाच्या तडजोडीत राज्य त्या योजनेतून बाहेरच पडले. विधिमंडळ चांगली योजना बुडवू शकते याचा हा पुरावा म्हणून दाखवतात, आणि तो तसा आहेही. पण त्यात दुसरी गोष्टही दिसते. सभागृहाला वगळून आणलेली योजना टिकली नाही. तिच्या पाठीशी उभा राहणारा जनमताचा आधार कोणी कमावलेलाच नव्हता.

म्हणून मी जो अधिकार मागतो आहे त्याला मर्यादा आहे. संमतिपत्राची फाइल कोणत्याही आमदाराच्या टेबलावर जाता कामा नये. एका कारखान्याला परवानगी द्यायची की नाही हे मंडळाचे काम. राष्ट्रीय मानकाहून सैल मानक करण्याचा अधिकारही विधिमंडळाला नको. त्याने आराखडा मागवावा, टापूचा मागवावा, शहराचा नव्हे. तो केंद्रीय मंडळाकडे जाण्याआधी दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायला लावावा. पर्यावरणासाठी संयुक्त समिती नेमून तिच्या सुनावण्या कोल्हापुरात, इचलकरंजीत, सांगलीत घ्याव्यात, जिथे विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, फाउंड्रीचालक, ऊसउत्पादक आणि दम्याचा रुग्ण एकाच खोलीत बोलतील. आराखडा परत पाठवायचा तर कारणे लिहून, ठरावीक मुदतीत. संसदेत १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. केरळने १९८० मध्येच विषय समित्या सुरू केल्या आणि तिथे पर्यावरणाचीही समिती आहे. महाराष्ट्रात लोकलेखा आहे, अंदाज आहे, आश्वासन समिती आहे, पंचायत राज समिती आहे. पण पर्यावरण खात्याच्या आराखड्यांकडे मुद्दाम पाहणारी तशी समिती नाही.

लांबणीचा आक्षेपही इथे निकालात निघतो. २०१९ पासून आजवर जो काळ गेला तो विधिमंडळामुळे गेलेला नाही.

हे सगळे नव्या कायद्याशिवाय आजही सुरू करता येते. हवेच्या कायद्याचे कलम ३५ सांगते की राज्य मंडळाने दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल राज्य सरकारला द्यायचा आणि सरकारने तो आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत विधिमंडळासमोर ठेवायचा. म्हणजे देखरेखीचे दार कायद्यानेच उघडे ठेवले आहे. पण अहवाल ठेवणे सक्तीचे आहे, त्यावर चर्चा सक्तीची नाही, आणि चर्चा कोणी मागितली नाही तर अहवाल पटलावरून थेट ग्रंथालयात जातो. पटलावर येण्यालाही किती महत्त्व असते हे दिल्लीत दिसले. वाहनांच्या धुरावरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल इतर अनेक अहवालांबरोबर दीर्घकाळ विधानसभेत आला नाही, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि तो पटलावर आला एप्रिल २०२५ मध्ये. ज्या कागदाला सत्ताधारी घाबरतात त्याला निरुपयोगी म्हणता येत नाही.

कोल्हापूरच्या दहा आमदारांपैकी एकाने येत्या अधिवेशनात मंडळाच्या वार्षिक अहवालावर चर्चा मागावी. तारांकित प्रश्नात विचारावे की स्वच्छ हवा कार्यक्रमातून कोल्हापूरला आलेल्या निधीपैकी किती पैसा धुळीवर गेला, किती भट्ट्या आणि बॉयलरवर, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल व इचलकरंजी यांना धरून एकच आराखडा कधी होणार. मंत्र्यांनी दिलेले उत्तर वृत्तपत्रांनी आकड्यांसह छापावे. आणि वाचकांपैकी ज्यांना आजवर "आमदारांना यात आणू नका" असे वाटत होते त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपापल्या आमदाराला हा प्रश्न लेखी पाठवावा, आणि पुढच्या निवडणुकीत तो मत मागायला दारात आला की त्याने तो सभागृहात विचारला का, हे त्याला विचारावे.